एक ठोका जास्त

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की आर्डिसला स्वतःच्या गाडीचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना मका... माणसाच्या दीडपट उंच, रस्त्याला खेटून उभा. चौरस्त्यावर तिने गाडी थांबवली, काच खाली केली आणि कान दिला. सप्टेंबरात चौरस्ता डोळ्यांनी नाही, कानांनी ओलांडायचा, हे वडिलांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं.

पलीकडून घरघर आली. ओळखीची — फार ओळखीची. मग धुक्यातून एक हिरवा ट्रक बाहेर आला. डावा दिवा फुटलेला. आणि स्टिअरिंगवरच्या हाताची दोन बोटं वर उठली, सावकाश, टोपीला लावायला निघालेली आणि वाटेतच विसरलेली.

आर्डिसच्या अंगावर सरसरून काटा आला. ट्रक एमिल टीमनचा होता. बोटं उचलायची ती तऱ्हाही फक्त एमिलची. आणि एमिलला मातीत ठेवून अठरा दिवस झाले होते.

ट्रक तिच्या शेजारी येऊन थांबला. खिडकीतून एक तरुण चेहरा बाहेर आला, ओल्या वाळूच्या रंगाचे केस, कानांपर्यंत हसणारा.

"माफ करा. मी चुकलोय, की गावच कुठे निघून गेलंय?"

"तुम्ही... तुम्ही ती बोटं का उचललीत?"

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू हात दुसऱ्या कुणाचा होता. "खरं सांगू? माहीत नाही. या ट्रकमध्ये बसलं की उचलली जातात. एमिलकाका असंच करायचे का?"

तिने मान डोलावली.

"मी रोलंड. त्यांचा पुतण्या. मिलवॉकीहून आलोय, मका काढायला. मग शेत विकायचं की काय, ते बघायचं."

"सरळ जा. पाण्याची टाकी दिसली की गाव आलं."

"आणि टाकी दिसली नाही तर?"

"मग तुम्ही मक्यात आहात."

तो हसला. हसू नये असं तिने ठरवलं होतं... पण ओठांनी ऐकलं नाही. ट्रक धुक्यात विरघळला, आणि मग कितीतरी वेळ ती गिअरवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

*

नॉयफेल्डमध्ये कुणी गेलं की चर्चची घंटा त्याच्या वयाइतके ठोके देते. पहिल्या ठोक्याला गाव असेल तिथे थांबतं. बायका पिठाचे हात तसेच धरून उभ्या राहतात, न्हाव्याची कात्री हवेत राहते, आणि सगळे मोजतात. एकोणऐंशीवर थांबली, म्हणजे अमकी. चारवर थांबली, तर कुणी कुणाकडे बघत नाही.

आई गेल्यापासून, सहा वर्षं, घंटेचा दोर आर्डिसच्या हातात होता. रोज संध्याकाळी सहाला ती घंटा वाजवायची आणि घंटेखाली उभी राहून प्रार्थना म्हणायची. ताप असो, हिमवादळ असो, एक दिवस चुकला नव्हता. हे तिचं व्रत होतं आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

एमिल एकाहत्तर वर्षांचा होता. चर्चच्या वहीत तिने स्वतः पाहिलं होतं — जन्म एकोणीसशे एक. एकाहत्तर ठोके दिले आणि दोर सोडला. शपथेवर सांगितलं असतं तिने, सोडला होता. हात एप्रनला पुसलेसुद्धा.

आणि घंटा आणखी एकदा वाजली.

जड वस्तू आहे, झोक्याने वाजली असेल. पण गावाने मोजलं होतं. आणि गावाची म्हातारी माणसं मानत आली होती की जास्तीचा ठोका वाया जात नाही. मका घरात यायच्या आत तो आपलं माणूस शोधतो.

तिला कुणी एक शब्द बोललं नाही. नॉयफेल्डमध्ये मोठ्या गोष्टी बोलायच्याच नसतात. फक्त गस श्रोडरने धान्याच्या बुरुजाची शिडी चढायचं बंद केलं. तिची मावशी हिल्डा हिने आपला चांगला काळा, मयतीला घालायचा पोशाख धुऊन, इस्त्री करून दारामागे टांगला.

मग रोलंड आला. मेलेल्या माणसाच्या घरात राहणारा, मेलेल्याचा ट्रक चालवणारा, बोटंही त्याचीच उचलणारा. आणि गावाने हळूच सुटकेचा श्वास सोडला. गस पुन्हा शिडी चढला. मावशीचा पोशाख कपाटात गेला.

*

रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. मावशीने रोलंडपुढे सफरचंदाच्या गोड 'पाय'ची बशी धरली. "घ्या हो, थोडी."

"घेतो की," म्हणून त्याने मोठा तुकडा उचलला.

टेबलावरचे काटे-चमचे थांबले. आर्डिसने त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा घ्यायचं."

"आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"विचारतातच."

"बरं. मग उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर नदीपर्यंत चालायला येता?"

"नको."

"परवा?"

"नको."

तो तोंडातला घास घोळवत राहिला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत. भलताच धीराचा माणूस. शेवटी तिलाच राहवलं नाही. "विचारा ना मग..."

ते नदीपर्यंत चालले, घंटेनंतर, उजेड असेतो. मग दुसऱ्या दिवशीही. तो कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. खिशात कायम शाईचं पेन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. वारा नसताना मका सळसळायचा तेव्हा तो थबकायचा. ती म्हणायची, "वाढतोय. कांड्या कडकडतात."

"पिकलेला मका वाढतो?"

तिने त्याची बाही धरली आणि चालायचा वेग वाढवला.

"तुमचं गाव फार प्रेमळ आहे गं," एकदा तो म्हणाला. "रोज दारात काहीतरी ठेवलेलं असतं. काल तर तीन भांडी. तेच ते बटाटे — चीज, साय, वर मक्याच्या पोह्यांचा कुरकुरीत थर. मी आयुष्यात इतके चांगले बटाटे खाल्ले नाहीत."

आर्डिस थांबली. "कोणते बटाटे म्हणालास?"

त्याने घरी नेऊन दाखवले. ओट्यावर सात भांडी होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. क्लॅसन. श्रोडर. हिल्डामावशी. नॉयफेल्डमध्ये हे बटाटे एकाच प्रसंगी करतात. ज्या घरात मयत झालं, त्या घरी देतात.

एमिलला जाऊन महिना होत आला होता. हे बटाटे एमिलसाठी नव्हते.

"आर्डिस, ऐक ना," तो म्हणत होता. "मी विचार करतोय की शेत विकू नये. इथेच राहावं. तुला... काय वाटतं?"

तिने मावशीचं भांडं ओट्यावर परत ठेवलं. "विकून टाक," ती म्हणाली. "आणि जा. मका दुसरं कुणी काढेल. उद्याच जा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "दोनदा विचारू? तिसऱ्यांदा?"

"नको. या वेळी खरंच नको."

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला, आणि तिथेच तिचं धैर्य संपलं. दाराकडे तोंड करूनच तिने सगळं सांगितलं. दोर, एप्रन, बहात्तरावा ठोका, गसची शिडी, मावशीचा पोशाख, बटाटे. "मी वाजवला तो, रोलंड. माझ्याच हाताखाली. तू इथे राहिलास आणि काकांच्या धान्याच्या त्या पत्र्याच्या कोठीत, मक्यात पाय रुतून, गुदमरून... मग मी तुझे एकोणतीस ठोके कशी देऊ?"

ती वाट बघत होती की तो हसेल. तो हसला नाही.

"दोन दिवस दे मला," तो म्हणाला. "मग तू म्हणशील तर जाईन."

*

दोन दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, टेलिफोन वाजला. त्या रस्त्यावरच्या नऊ घरांत एकच तार होती; एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकता यायचं. आर्डिसने उचलला तेव्हा तारेवर आधीच कुणीतरी श्वास घेत होतं. एक नाही, तीन-चार श्वास.

"आर्डिस," रोलंड म्हणाला, मोठ्याने आणि सावकाश, पाद्री बोलतात तसा. "काकांचं बायबल सापडलं. जन्माचं वर्ष त्यात लिहिलंय. एकोणीसशे. एमिलकाका बहात्तर वर्षांचे होते. चर्चच्या वहीतच चूक आहे. तुझी घंटा बरोबर होती."

मग कुणीतरी सुस्कारा सोडला आणि खट्. खट्. खट्. एकेकाने फोन ठेवला.

"अगं बाई," तारेवर शेवटी उरलेली हिल्डामावशी म्हणाली. "मग माझं भांडं परत आणून द्यायला सांग त्याला." खट्.

आर्डिस पळतच गेली. बायबल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं होतं, जर्मन, चामड्याचं, मागच्या पानांवर घराण्याचे जन्म, विवाह, मृत्यू. रोलंडने बोट ठेवलं. एमिल, तीन एप्रिल...

ती वाकली. अक्षरं जुनी होती, शाई विटून चहासारखी झालेली. सगळी... शेवटचं शून्य सोडून. ते निळं होतं. आणि त्याच्या पोटात, नीट पाहिलं तर, तपकिरी उभी रेघ अजून जागी होती. एकाच्या आकड्याला कुणीतरी कवेत घेऊन शून्य केलं होतं.

तिने मान वर केली नाही. स्वतःच्या बायबलमध्येही तिने जन्मात कधी पेन्सिलीची खूणही केली नव्हती. राग यायला हवा, तिने स्वतःला सांगितलं, आणि रागाची वाट पाहिली. तो आला नाही. आलं ते दुसरंच काही, उबदार. आपल्यासाठी एवढा सभ्य माणूस देवाच्या पुस्तकात खोटं लिहून बसला. आणि गावभर सांगूनही मोकळा झाला.

म्हणजे गावाची भीती गेली. तो ठोका मात्र अजून मोकळाच होता, आणि हे आता फक्त तिला ठाऊक होतं.

"पटलं?" त्याने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

ती म्हणाली असती, जा, तर तो गेला असता. सुरक्षित. जिवंत. मिलवॉकीत, दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी.

तिने पान उलटलं. विवाह.

"पेन दे," ती म्हणाली.

"कोणतं पेन?"

"खिशातलं. निळं."

त्याने नजर न उचलता पेन पुढे केलं. "तुला कळलं."

"नकाशे काढतोस ना रे? एवढं वाकडं शून्य?"

"घाबरलो होतो." मग हळूच, "मी अजूनही जाऊ शकतो, आर्डिस. तू सांग फक्त."

तिने मनातल्या मनात क्षमा मागितली, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी. मग सर्वांत खालच्या मोकळ्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं, पूर्ण, शाळेतल्यासारखं. त्यापुढे आपलं.

"तारीख?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"मका घरात आल्यावर. तोवर तू एकटा कोठीत उतरायचं नाहीस. कमरेला दोर बांधायचा. दुसरं टोक मी धरेन."

"सोडणार नाहीस?"

"हात पुसायलासुद्धा नाही."

तो हसला आणि टेबलावरून पुढे वाकून त्याने तिच्या कपाळाला ओठ टेकवले, इतके हलके की तिला ते नंतर आठवून पाहावे लागले. बाहेर वारा नव्हता, तरी मका सळसळत होता. आणि मग, एकदम, थांबला. सगळं शेत, क्षितिजापर्यंत... कुणी मोजताना श्वास धरावा तसं.

दोघांनीही खिडकीकडे पाहिलं.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"वाटते," आर्डिस म्हणाली, आणि दोन्ही नावांवरची शाई वाळावी म्हणून हळूच फुंकर घातली.