चौसष्ट कड्यांची साखळी

ही गोष्ट बाहेर कोणाला सांगायची नाही, असं आजोबांनी आम्हाला बजावलं होतं. कारण गुन्वोरआजी अजून आहेत आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. मी बोलून सांगणार नाहीच, मला ते जमत नाही. फक्त लिहिते आहे.

२०१९च्या नोव्हेंबरची तेवीस तारीख, शनिवार. आजोबांच्या शेजारी राहणाऱ्या एव्हर्टच्या घराकडे जाणारा रस्ता एकच, आणि वादळाने त्यावर स्प्रूसचं मोठं झाड आडवं पाडलं होतं. त्याच्या बायकोची, गुन्वोरची, शुक्रवारची डायलिसिसची पाळी त्यातच हुकली. पाय सुजून कणकेच्या गोळ्यासारखे झाले होते. रविवारी पहाटे सहाला अॅम्ब्युलन्स येणार होती. त्याआधी रस्ता मोकळा हवा होता. खोड अर्धं कापून झालं आणि एव्हर्टच्या मोटारीच्या करवतीची दातेरी साखळी तुटली. रागाने त्याने ती ओढ्यात भिरकावली, खोड ओलांडून आजोबांकडे आला आणि त्यांची गाडी घेऊन गावात गेला.

दुकानात एकही साखळी उरली नव्हती, झाडं सगळ्यांचीच पडली होती. माल मंगळवारी येईल म्हणाले. मग त्याला वळणावरची, करवतींना धार लावणाऱ्या हिल्डिंगची शेड आठवली. तिथे विकायला कोणी नसायचं. धार लावलेल्या साखळ्या कड्यांच्या संख्येप्रमाणे खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या. आपली बोथट साखळी लटकवायची आणि तेवढ्याच कड्यांची धारदार घेऊन जायची. हिल्डिंग एप्रिलमध्येच वारला होता. तरी दार उघडं होतं. संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. पूर्ण काळोख.

"एव्हर्टआजोबा प्यायलेले असणार," माझा मामेभाऊ विदार मध्येच म्हणाला.

"असता तर बरं झालं असतं," आजोबा म्हणाले. "चव तरी कळली नसती."

एव्हर्टच्या करवतीला चौसष्ट कड्या लागत, आणि चौसष्टच्या खिळ्यावर एकच साखळी होती. बाहेर उणे नऊ अंश. ती मात्र कोमट. बुळबुळीत. डुकराची चरबी उन्हाळाभर झाकून ठेवावी तसा वास. एव्हर्टने ती काढली. बदल्यात लटकवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

मागून कोणीतरी विचारलं, "तुझी?"

"...उद्या आणतो."

कोणीतरी ओला घोट गिळला. अगदी कानाशी.

तो पळाला. साखळी मात्र सोडली नाही.

रात्री आठ वाजता करवत सुरू झाली. भुसा उडाला नाही. गोळे पडले. गरम. ओठांना चिकटले. एक तोंडात गेला... खारट. मऊ. मध्ये कूर्चा. तो ओकला. पुन्हा कापायला लागला. पुन्हा ओकला. थांबला असता तर...

 

अॅम्ब्युलन्स वेळेवर वर आली. गुन्वोर वाचली. मंगळवारी एव्हर्ट नवी साखळी घेऊन शेडकडे गेला, तर दाराला गंजलेलं कुलूप. हिल्डिंगची मुलगी म्हणाली, एप्रिलपासून उघडलेलंच नाही.

खोटं वाटत असेल तर दिवसा जाऊन बुंधा बघा, असं आजोबा म्हणाले. काल मी एकटीच गेले. इतकी वर्षं झाली, पण कापलेल्या तोंडावर शेवाळ नाही. केस आहेत. पातळ, पांढरे, म्हाताऱ्या माणसाच्या मानेवर असतात तसे. ओले करून एका बाजूला विंचरलेले. मी बोटाने दाबले. ते हळूच परत उभे राहिले. हात तीनदा धुतला, तरी नखाखाली काहीतरी पिवळट आहे आणि ते अजून कोमट आहे.

आई खालून हाक मारते आहे, सॉसेज गार होतायत म्हणून. तिला कसं सांगू की मला तोंडात तीच खारट चव लागते आहे.