सुलतानपूरच्या वाटेवरील सुटी तार

माझे शिक्षण इयत्ता सहावीपर्यंत झाले असून मेहकर येथे मोटार स्थानकामागे माझे मोटार दुरुस्तीचे दुकान आहे. प्रस्तुत हकिकत सन १९६६ च्या मे महिन्यातील आहे. मी जे पाहिले, जे ऐकले, तेवढेच लिहीत आहे. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही व आजही लागलेला नाही. परंतु ज्या उजव्या हाताने मी हे लिहीत आहे, तो हात शाबूत आहे, आणि त्याबद्दल माझे मन कृतज्ञतेने भरलेले आहे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एका ट्रकवाल्याने मला चिठ्ठी आणून दिली. लोणारचे वकील वामनराव यांच्या सुवाच्य अक्षरात ती होती. सुलतानपूर सोडून मेहकरकडे येताना मोटार बंद पडली आहे, इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डायनामो जळाला असावा असे दिसते, बॅटरीत काहीही उरलेले नाही. कन्या प्रतिमा हिची बुलढाण्यास शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तीन वाजता मुलाखत आहे. तरी कृपा करून त्वरित यावे.

दुकानात दुरुस्त करून ठेवलेला एक डायनामो होता. तो, एक भरलेली बॅटरी आणि हत्यारांची पिशवी घेऊन मी एकटाच लोणारच्या एस. टी. त बसलो. बॅटरी गोणपाटात गुंडाळून पायांशी ठेवली होती. गाडीत गर्दी होती, पाच-सहा माणसे दांड्याला धरून उभी होती. तरीही माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कोणी त्या जागेकडे वळले की क्षणभर थबके व पुढे जाई. बॅटरीतील तेजाबाचा वास त्यांना सहन होत नसावा, असे मी समजलो.

येथे माझ्या उस्तादांविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे. कडूबा मिस्तरी यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काढली. तरुणपणी बॅटरीची तार न सोडता त्यांनी एका मोटारीत हात घातला होता. मनगटातील लोखंडी कडे एका बाजूने विजेच्या तारेला व दुसऱ्या बाजूने इंजिनाला टेकले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निखाऱ्यासारखे लाल झाले. ते कापून काढावे लागले. उस्तादांच्या उजव्या मनगटाभोवती त्याचा पांढरा वण आयुष्यभर राहिला व त्या हाताची दोन बोटे पुन्हा कधी वळली नाहीत.

म्हणून त्यांच्या दुकानात एक रीत होती. बोनेट उघडले की उस्ताद विचारीत,

"तार सोडली का?"

आणि आम्ही उत्तर द्यायचे, "सोडली, उस्ताद."

हे उत्तर आल्याशिवाय कामास हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. एकदा मी रागावून म्हटले, "रोज रोज काऊन विचारता, उस्ताद? मी का लहान आहो?"

"लहान नाई म्हून तं विचारतो बे," ते म्हणाले. "लायना भेतो. तुह्यासारखा शायना भेत नाई."

सुटलेल्या तारेचे टोक ते चिंधीत गुंडाळून सुतळीने बांधीत. उजव्या हाताची बोटे वळत नसल्यामुळे डाव्या हाताने आणि दातांनी ते एक विलक्षण उलटी गाठ मारीत. ती गाठ मला अकरा वर्षांत साधली नाही.

या हकिकतीच्या चार महिने आधी, पौष महिन्यात उस्ताद वारले. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या पत्नी सोजराबाई यांनी एक कडे माझ्या हाती ठेवले. जळाल्यानंतर उस्तादांनी तसेच दुसरे करवून घेतले होते, मात्र ते कामाच्या वेळी काढून खुंटीला टांगीत असत. सोजराबाई म्हणाल्या, "तुमच्याबिगर कोनाले देऊ? राहू द्या हातात." मी आदराने ते उजव्या हातात घातले, आणि आदरापोटीच कधी काढले नाही. ही माझी पहिली चूक.

पावणेबाराच्या सुमारास मी मोटारीपाशी उतरलो. रस्ता ओसाड होता. एका बाजूस नांगरून तापत पडलेली काळी जमीन, दुसऱ्या बाजूस विहिरीच्या पाण्यावर जगवलेला वांग्यांचा हिरवा तुकडा व त्याच्या बांधावर कडुनिंब. निंबाखाली वकीलसाहेब व प्रतिमाताई बसली होती. ताई परीटघडीच्या पांढऱ्या साडीत होत्या आणि प्रशस्तिपत्रांची गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"मिस्तरी, होईल ना वेळेत?" त्यांनी विचारले. "गेल्या वर्षीही मला पोहोचायला उशीर झाला होता. या वर्षी जागा मिळाली नाही, तर बाबा म्हणतात, लग्न."

"मी कुठे सक्ती करतो आहे?" वकीलसाहेब म्हणाले.

"सक्ती नाही करत. फक्त स्थळांची यादी खिशात घेऊन हिंडता."

वकीलसाहेबांनी खिशावर हात ठेवला. मला हसू आले.

"एक तास द्या, ताई," मी म्हणालो. "तुमची येळ नाई चुकू देत मी."

आणि त्यांना धीर यावा या सद्हेतूने मी दुसरी चूक केली. आधी डायनामो बदलावा व सर्वांत शेवटी बॅटरी जोडावी, हा क्रम. मी जुनी बॅटरी काढून भरलेली बॅटरी आधीच बसवली, दोन्ही तारा आवळल्या आणि हॉर्न वाजवून दाखवला. त्या निर्मनुष्य रस्त्यावर तो आवाज एवढा उमेदीचा वाटला की ताई टाळ्या वाजवून उठल्या. त्या आनंदात तार पुन्हा सोडायचे राहून गेले.

मी बोनेटखाली वाकलो. डायनामो इंजिनाच्या कुशीला खोल बसवलेला होता. पट्टा सैल केला. वरचे बोल्ट निघाले, खालचा मात्र गंजून बसला होता. ऊन पाठीवर पडले होते व घामाने पाना हातातून निसटत होता.

वांग्यांच्या तुकड्यातून एक वृद्ध बाई आली. झुंबरबाई असे तिचे नाव असल्याचे वकीलसाहेबांनी सांगितले. तिच्या दोन्ही हातांत पितळी लोटे होते.

"घ्या बावा, पानी प्या. केवढ्या उनाचे राबून राह्यले!"

मी एक लोटा घटाघटा प्यालो. दुसरा तिने बॅटरीच्या बाजूस, मोटारीच्या दाराखालच्या पायफळीवर ठेवला.

"हा कोनाले?" मी विचारले.

"त्यायले," ती म्हणाली आणि डोक्यावरील पदर पुढे ओढून निघून गेली.

वकीलसाहेबांसाठी असेल, असे समजून मी पुन्हा वाकलो.

बोल्टला थोडे तेल सोडले. खालचा नट दातांत धरला होता. आता हात अगदी आत, खांद्यापर्यंत घालावा लागणार होता. त्या बाजूने बॅटरीची जाड तार इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फकडे गेलेली होती. तिच्यावरील रबर उष्णतेने तडकलेले असल्याचे मला दिसले नाही.

"तार सोडली का?"

प्रश्न अगदी सहज आवाजात आला. माझ्या मागून नव्हे. बोनेटच्या पलीकडील बाजूने.

आणि मी दातांतील नट न काढता, मान वर न करता, अकरा वर्षांच्या सवयीने उत्तर दिले,

"सोडली, उस्ताद."

नंतर बॅटरीपाशी पान्याचा हलकासा आवाज झाला. टिक. आणखी एकदा टिक. माझी हत्यारे घसरली असतील, असे मला वाटले. मी हात आत घातला आणि सर्व बळ एकवटून पाना ओढला.

बोल्ट सुटला. माझा हात झटक्याने खाली गेला आणि अडकला.

मी वाकून पाहिले. कडे अडकले होते. एका बाजूने ते इंजिनाच्या लोखंडाला टेकले होते. दुसऱ्या बाजूने ते तडकलेल्या रबरातून आत, तारेच्या उघड्या तांब्यावर रुतले होते.

त्याच क्षणी मला आठवले, की मी तार सोडलेली नाही.

माझ्या डोळ्यांसमोर तो पांढरा वण आला. न वळणारी दोन बोटे आली. माझ्या घरी बायको, दोन मुले. आणि ही पाच बोटे, एवढीच माझी इस्टेट.

मी डोळे मिटले. वाट पाहिली.

काहीच झाले नाही.

कडे थंड होते. मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या इंजिनाला टेकलेले ते लोखंड विहिरीतून काढल्यासारखे थंड होते.

"वकीलसाहेब!" मी ओरडलो. "बॅटरीची तार! आंधी तार पाहा!"

ते धावत आले. बॅटरीवर वाकले. मग त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले.

"अहो, तुम्ही ती सोडूनच ठेवली आहे की."

मी हात वाकवून वाकवून कडे सोडवले. नंतर मी रस्त्यावरच बसलो. ताईंनी पदराने वारा घातला. मला रडू येत होते आणि हसूही येत होते. मी उजवी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पाचही बोटे वळत होती. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

"तुम्ही सोडली का, साहेब?" बऱ्याच वेळाने मी विचारले.

"मला त्यातले काय कळते? आम्ही दोघे तर निंबाखाली होतो."

मी उठून बॅटरीपाशी गेलो. तार सुटी होती. तिचे टोक चिंधीत गुंडाळून सुतळीने बांधलेले होते. गाठ उलटी होती. सुतळीचे टोक दातांनी चावून चपटे केलेले होते, आणि ते अद्याप ओले होते.

पायफळीवरील लोटा रिकामा होता.

कडे काढून पिशवीत ठेवले. नवा डायनामो बसवला, पट्टा ताणला, बोल्ट आवळले, तडकलेल्या रबरावर चिकटपट्टी गुंडाळली. सर्वांत शेवटी ती गाठ सोडवायला घेतली. मला ती कधी मारता आली नव्हती, म्हणून सोडवताही येणार नाही अशी भीती होती. टोकाला बोट लावताच ती आपोआप सैल झाली.

तार जोडली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. बॅटरी भरत नसल्याची खूण दाखवणारा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. ताईंनी गुंडाळी छातीशी धरून डोळे मिटले. घड्याळात पाऊण वाजला होता. त्या वेळेवर पोहोचल्या व जूनपासून त्याच शाळेत लागल्या, हे येथेच सांगून ठेवतो.

त्यांनी मला मेहकरपर्यंत मोटारीतूनच आणले. ताई पुढे वडिलांच्या शेजारी बसल्या, मी मागे. खिडकीतून गरम वारा येत होता. तरी माझ्या डाव्या बाजूस, बैठकीच्या रिकाम्या भागाकडे, सुखद गारवा होता. मला भीती वाटली नाही. लहानपणी बाजारातून परतताना बैलगाडीत बापाच्या कुशीला झोप येई, तशी मला झोप आली.

दुकानापाशी मी उजव्या दाराने उतरलो. दार नीट लावले, नमस्कार केला आणि मोटार निघण्याची वाट पाहत उभा राहिलो.

मोटार निघाली नाही. वकीलसाहेबांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

"मिस्तरी, मागचे दार उघडेच राहिले आहे. तेवढे लावा."

मी माझ्या दाराकडे पाहिले. ते बंद होते.

मी मोटारीला वळसा घालून पलीकडे गेलो. डावे दार दुकानाच्या बाजूस सताड उघडे होते. मी क्षणभर थांबलो. कोणी वयस्क माणूस उतरत असताना थांबावे, तेवढा वेळ. मग उजव्या हाताने ते दार हळूच लावले.