मेंढीनं खाल्लेलं फूल

फूल मी कानामागे खोवलं आणि त्याच क्षणी मागून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "अहो! अहो, काय केलंत हे!"

मी दचकले. एवढी दचकले, की हातातली बोरसोकची पिशवी सुटली आणि तळलेले ते सगळे गोळे टणाटणा उड्या मारत उतारानं खाली निघाले. वळून बघते तर एक उंच, हडकुळा माणूस पाण्याचा पेला धरून उभा. गुडघ्यांना चिखल, नाकावर निळ्या रंगाचा ठिपका, आणि चेहरा असा, जणू मी कुणाचा खूनच केलाय.

"काय केलं मी?"

"ते... ते कानामागे काय आहे तुमच्या?"

"फूल."

"माझं आहे ते!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. बिश्केकच्या मागच्या डोंगरावर एप्रिलमध्ये फुलं येतात, ती काय याच्या बापानं लावलीत? तसं तोंडावर म्हणणारच होते, तेवढ्यात त्यानं बोटानं खाली दाखवलं. दगडाच्या आडोशाला एक फळी, फळीवर कागद, आणि कागदावर... माझ्या कानामागचं ट्यूलिप! पण अर्धंच. तीन पाकळ्या रंगवलेल्या, इतक्या जिवंत की हात लावून बघावंसं वाटलं. उरलेल्या तिन्हींच्या जागी नुसती पेन्सिलीची रेघ.

"पहाटेपासून पोटावर पडलोय इथं," तो म्हणाला. "ओढ्यावर पाणी आणायला गेलो. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं!"

"मग दुसरं काढा ना. डोंगरभर पडलीत."

"ती वेगळी. हे पिवळ्या पोटाचं. या उतारावर यंदा हे एकच फुललंय. बी पडल्यापासून फूल यायला किती वर्षं लागतात, माहितीय? सात!"

सात! सात वर्षांपूर्वी मी नारिनला शाळेत जात होते. तेव्हापासून हे बिचारं मातीत तयारी करत होतं, आणि मी एका चिमटीत... मला रडू यायच्या बेतात होतं. मी फूल काढायला हात वर नेला.

"हलू नका!" तो पुन्हा ओरडला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सावकाश काढा. असं हातात धरा. थोडं डावीकडे... बस्स. आता तुम्हीच त्याचा देठ."

आणि मी, नारिनच्या गालिचेवाल्यांची लेक बेर्मेत, दोन तास एका अनोळखी माणसासमोर दगडावर देठ होऊन बसले.

"नाक खाजतंय."

"देठाला नाक नसतं."

"देठाला भूक लागते का?"

त्यानं ब्रश ठेवला, उतारावरून दोन बोरसोक शोधून आणले, फुंकर मारून माती उडवली आणि एक माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्लासुद्धा! स्वतःच्या निर्लज्जपणाचं मलाच आश्चर्य वाटलं. तो पुन्हा काढायला बसला. फुलाकडे बघायचा, कागदाकडे बघायचा, पुन्हा फुलाकडे... आणि मधूनच त्याची नजर जरा वर सरकायची.

"फूल खाली आहे, अहो."

"प्रकाश बघतोय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

उठताना त्यानं नाव सांगितलं, तिलेक. दर शनिवारी वनस्पती उद्यानात झिनाईदा पावलोव्ना जलरंगात झाडं काढायला शिकवतात, तो त्यांचा मदतनीस. "या एकदा. तोडायच्या आधी बघायला तरी शिकाल."

टोमणा होता, कळला मला. तरी मी शनिवारी गेले. चित्र शिकायलाच गेले होते. हसू नका.

झिनाईदा पावलोव्ना म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची काठी टेकणारी बाई, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र खणखणीत. आपल्या देशातलं एकेक ट्यूलिप त्या चाळीस वर्षं काढत आलेल्या. पुस्तकाचं एकच पान राहिलेलं. आता हात कापतो, म्हणून ते तिलेकला दिलेलं. मी बाकावर टेकते न टेकते तोच त्या म्हणाल्या, "ऐकलंत का सगळ्यांनी? आपल्या शेवटच्या पानाचं फूल मेंढीनं खाल्लं!"

माझ्या हातातला ब्रश खाली पडला. मी तिलेककडे बघितलं. तो मान खाली घालून, जगात दुसरं कामच नसल्यासारखा पॅलेट पुसत होता.

"क... कसली मेंढी?" मी कुजबुजले.

"काळी," तो हळूच म्हणाला. "दोन वेण्यांची."

मी त्याला टेबलाखालून लाथ घातली. पण बाई पुढं बोलत होत्या. "तीन पाकळ्या समोर बघून काढल्या, तीन आठवणीतून, असं हा सांगतो. आठवणीतून काढलेलं फूल खोटं असतं. महिनाभरानं मला कागद दाखव, तिलेक. खोटं दिसलं तर पान दुसऱ्याला. तोवर चित्रात फुलाची हिरवी पानं काढायची नाहीत."

बाहेर पडल्यावर मी त्याला गाठलं. "अहो, खरं सांगा ना त्यांना! आठवणीतून कुठं? मी दोन तास देठ झाले होते!"

"फूल तोडणाऱ्याला बाई वर्गाच्या दारातही उभं करत नाहीत."

"मग नाही येणार मी."

"तेच तर नकोय मला," तो म्हणाला, आणि माझ्याआधी स्वतःच चमकला. मग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... तुझ्या हाताला वळण आहे. शीक."

'तू' कधी झाले मी? दोघांनाही कळलं नाही.

वळण मात्र भलतंच होतं! दुसऱ्या शनिवारी बाईंनी सफरचंदाचं पान दिलं. मी आमच्या घरच्या रीतीनं कागद मधोमध दुमडला, अर्धं पान काढलं, आणि मागून गिरवून दुसरी बाजू तंतोतंत उतरवली. आम्ही गालिच्यावर शिवायची लोकरीची नक्षी अशीच कापतो. उलगडली की डावं-उजवं सारखं, नाहीतर आई गालिचा उसवायला लावते. बाईंनी कागद उचलला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"हे पान आहे की गालिचा?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी ते खरं पान उचलून मधल्या शिरेवर दुमडलं आणि माझ्यापुढं धरलं. एक बाजू दुसरीपेक्षा चांगली नखभर मोठी! मी थक्क झाले. परसातल्या झाडाखाली लहानाची मोठी झाले, आणि त्याचं एक पान कधी नीट बघितलं नव्हतं.

"जे आहे ते काढ," बाई म्हणाल्या. "असायला हवं ते नको."

जलरंग मला तिलेकनं शिकवला. आधी नुसतं पाणी लावायचं. मग थांबायचं. पांढरा रंग डबीत शोधायचा नाही, कागदच कोरा राखून ठेवायचा.

"किती थांबायचं?"

"ओल्या कागदावरची चकाकी जाईपर्यंत. घाई केलीस की डाग."

"आणि गेल्यावर?"

"मग टेकव ब्रश..." तो माझ्या खांद्यावरून वाकला. त्याच्या सदऱ्याला साबणाचा आणि टर्पेंटाइनचा... नाही, टर्पेंटाइन जलरंगाला लागतच नाही. कसला तरी छान वास होता, मला काय सुचत होतं तेव्हा! "बघ. रंग आपोआप जातो, जायचं तिकडे."

मी प्रेमात पडले. सांगून टाकते एकदाचं. गालिचे शिवताना सुई बोटात घुसायची आणि कळायचं नाही. आणि हा? हा दर शनिवारी मला मेंढी म्हणायचा, बसथांब्यापर्यंत सोडायला यायचा, आणि मनातला एक शब्द बोलायचा नाही. थांबायचं म्हणजे किती थांबायचं माणसानं? कागद सुकून कडक झाला इथं!

चौथा शनिवार उजाडला. तिलेकनं कागद बाईंपुढं ठेवला. बाईंनी भिंग काढलं. सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. बाई बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "शेवटचं विचारते. या तीन पाकळ्या आठवणीतून काढल्यास?"

तिलेकनं माझ्याकडे बघितलंही नाही. "हो, बाई."

"मग हे पान तुझं नाही."

चाळीस वर्षांच्या पुस्तकातलं पान, ज्यासाठी हा मुलगा पहाटेपासून चिखलात लोळला, ते माझ्यापायी जाणार? आणि मग माझंच तोंड मला न विचारता बोलायला लागलं. "बाई, तो खोटं बोलतोय! मेंढी नव्हती. मीच तोडलं ते. मी कानामागे खोवलं, मग हातात धरून बसले, त्यानं समोर बघूनच काढलंय. मला काढा वर्गातून... पण पान त्याचं आहे."

तिलेकचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"संपलं?" बाईंनी शांतपणे विचारलं. "खाली बस. मला पहिल्या नजरेत कळलंय."

"अं?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"या तीन पाकळ्या मिटत आलेल्या आहेत, डोंगरावरच्या गार वाऱ्यातल्या. या तीन बघ कशा फाकल्यात! ट्यूलिप असं उघडतं हाताची ऊब लागली की. आणि देठाच्या टोकाला हे काय, नखाची खूण. मेंढीला नखं कधी फुटली, तिलेक?"

तिलेकला जे दिसलं ते काढायची सवय. तोंडानं खोटं बोलला, पण हाताला जमलं नाही त्याच्या.

"आणि हे," बाई म्हणाल्या. कागदाच्या कडेला अरुंद पट्टी होती, रंग आधी लावून बघायची. "हा लाल पाकळीचा. हा पिवळा पोटाचा. हा हिरवा देठाचा. मग हा गव्हाळ गुलाबी कशाचा? अकरा वेळा लावून बघितलाय, आणि फुलात एकदाही वापरलेला नाही."

मी त्या पट्टीकडे बघितलं. माझे गाल तापले, आणि मग उमगलं... बाप रे! अकरा वेळा?

"बोल," बाई म्हणाल्या.

"गालाचा आहे, बाई," तिलेक पुटपुटला.

"कुणाच्या?"

"मेंढीच्या."

वर्गात असा गलका झाला की खिडकीवरची कबुतरं उडाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं. बाईंनी काठी आपटली. "पुरे! फूल पास. त्याचा कंद मातीत शाबूत असेल, पानं अजून हिरवी असतील. उद्या दोघं वर जा. पानं ही मुलगी काढेल."

"मी? बाई, मला चार शनिवार झालेत फक्त!"

"तोडताना किती झाले होते?"

मी निमूट पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

रविवारी चढण संपवून आम्ही दगडाशी पोचलो, आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली. समोर पन्नास-साठ मेंढ्या! मजेत चरत, थेट आमच्या दगडाभोवती. मी फळी टाकली आणि हात पसरून धावत सुटले. "हट्! हट्! चालत्या व्हा!" घोड्यावरून मेंढ्या राखणारे म्हातारे आजोबा लांबून ओरडले, "ए पोरी, वेड लागलं का? गवतच खातायत ना!" मी कुणाचं ऐकते! एका काळ्या मेंढीला ढकलून मी दगडामागं गुडघ्यावर बसले.

एक पान धड होतं. दुसरं अर्धं खाल्लेलं, कड दातांनी कुरतडलेली. मेंढी अजून तोंड हलवत होती.

तिलेक धापा टाकत आला, बघितलं, आणि डोंगर दणाणेल असा हसत सुटला. "चला! महिन्याभरानं का होईना, खरं ठरलो मी!"

"हसतोस काय!" मला खरंच रडू फुटलं. "आता काय करू? धड पान दुमडून उलटं गिरवू? दोन्ही सारखी दिसतील, कुणाला कळणार नाही..."

त्यानं फळी उचलून माझ्यापुढं धरली. मीच डोळे पुसले, फळी मांडीवर घेतली आणि जे होतं ते काढायला लागले. धड पान धड. खाल्लेलं पान खाल्लेलं, दातांच्या एकेका खुणेसकट. आईनं बघितलं असतं तर उसवायला लावलं असतं.

"ओढ्यावरून ताजं पाणी आणू?" त्यानं विचारलं.

"खबरदार जागचा हललास तर!"

तो हलला नाही. माझ्याशेजारी पेला धरून बसून राहिला. मी कुरतडलेल्या पानावर पाणी फिरवलं, हिरवा सोडला. रंग आपोआप पसरत गेला. तेवढ्यात तो म्हणाला, "बेर्मेत, पुढच्या एप्रिलला हे पुन्हा फुलेल. तेव्हा बघायला... माझी बायको म्हणून येशील?"

माझा ब्रश हवेतच थांबला.

"ओल्या रंगात असं विचारतं का कुणी?" आवाज माझा मलाच ओळखू येईना. "डाग पडला असता!"

"मग कधी विचारू?"

"थांब. चकाकी जाऊ दे."

तो थांबला. दोघंही त्या पानाकडे बघत बसलो, हलायची सोय नव्हती. कागदावरची ओल कडेकडून आटत आली, मधे एक लहानसा ओला ठिपका राहिला, मग तोही मंद झाला.

"गेली," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"हो म्हणजे... चकाकी गेली, हो?"

"हो म्हणजे येईन, हो!"

पेला सांडला, तो थेट माझ्या मांडीवर. कागद मी वेळेवर उचलला.