भिंतीवरची तेलकट रेघ

अण्णासाहेबांचं यायचं ठरलं, म्हणून रुचिरा आणि प्रसाद सुट्टीच्या सकाळी बत्ह्याच्या बाजारात रंग आणायला गेले. गोष्ट एवढ्या साध्या कामापासून सुरू झाली. सासरे पहिल्यांदाच रियाधला येणार होते, आणि मलाझ भागातल्या आपल्या जुन्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांना द्यायची होती. ती खोली आजवर बंदच असायची. रिकामी खोकी, न लागणारी सुटकेस, मोडकी इस्त्री, असं सगळं तिथे लोटलेलं.

पुण्याची नोकरी सोडून नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इथे आल्यापासून रुचिराने हाताला एक नाद लावून घेतला होता. बरण्यांना सुतळी गुंडाळून दिवे करायचे, फळांच्या खोक्यांची फडताळं करायची, जुन्या साडीचे पडदे शिवायचे आणि ते सगळं मोबाइलवर चित्रित करून टाकायचं. रियाधमधल्या मराठी बायका ते आवडीने बघायच्या. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी म्हणायचंच, "तुम्हीच ना त्या, घर सजवणाऱ्या?" तेवढं ऐकलं की तिचा आठवडा बरा जायचा.

खोकी हलवल्यावर ती रेघ दिसली.

आतल्या कोपऱ्यापासून थेट दारापर्यंत, कमरेच्या जरा वर, भिंतीवर एक काळपट पट्टा गेला होता. चार बोटं रुंद. तेलाने माखून माखून तिथला रंग चामड्यासारखा गुळगुळीत झाला होता. जवळ गेलं की खोबरेल तेलाचा आणि जुन्या अंथरुणाचा मिळून एक वास यायचा. रुचिराला तर पर्वणीच वाटली. 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचं तर 'आधी' असंच भयंकर हवं. तिने मोबाइल सुरू केला, रेघेवरून हळूहळू फिरवला आणि हसत हसत बोलली, "बघा मैत्रिणींनो, आधीच्या भाडेकरूंची डिझायनर पट्टी. डोकं भिंतीला घासत फिरायचे की काय, देव जाणे. माणसं राहायची का म्हशी?"

मग तिने भिंत साबणाने धुतली, पॉलिश पेपरने घासली, लांबी भरली आणि धुरकट हिरव्या रंगाचे हात मारले. वर खजुराच्या पानांची नक्षी काढली. घराबरोबर आलेला जुना पलंग कोपऱ्यातून काढून खिडकीखाली लावला. 'नंतर'चा व्हिडिओ अजून टाकायचा होता, पण 'आधी'चाच खूप चालला. म्हशींवरून तर बायकांची हसून हसून पुरेवाट झाली.

फोन दुपारी आला. अनोळखी नंबर, शांत आवाज.

"मी नंदा बोलतेय, कतीफहून. इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तुमच्या आधी त्या घरात मी राहायचे."

"हो का... बोला ना."

"व्हिडिओ कोणीतरी मला पाठवला, तुमचा नंबरही त्यांनीच दिला. ती रेघ माझ्या आईची आहे. माईची. काचबिंदूने तिची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. मी ड्यूटीवर गेले की ती दिवसभर एकटी असायची. भिंतीला हात लावून पलंगापासून दारापर्यंत यायची आणि तिथे माझी वाट बघत उभी राहायची."

रुचिराची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

"ती हॉस्पिटलमध्ये गेली ती परत घरी आलीच नाही," नंदा म्हणाली. "मी तिचा देहच गावी घेऊन गेले. परत आल्यावर त्या खोलीत पाय ठेवायचा धीर झाला नाही, मैत्रिणींनीच सामान बांधलं. मी रागावलेली नाही. फक्त एक विचारायचं होतं. भिंत रंगवलीत का तुम्ही?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्या शब्दापाशी रुचिराची जीभ अडली. म्हशी म्हणणारी बाई आपण, आणि पुसून टाकणारीही आपणच, हे एकाच फोनवर कबूल करणं तिला झेपलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे, बाकीच्या भिंती झाल्या. ती राहिलीय अजून."

मग नंदा म्हणाली, "देवासारख्या भेटलात. या आठवड्यात मला रियाधला काम आहे. एकदा येऊन हात लावून जाते. मग खुशाल रंगवा."

त्या रात्री जेवताना प्रसादने विचारलं, "गप्प का?"

"डोकं दुखतंय," रुचिरा म्हणाली. तिने व्हिडिओ काढून टाकला होता, पण तो कुठल्या कुठे पोचला होता. नवऱ्यालाही तिला काही सांगवेना.

सकाळी प्रसाद ऑफिसला गेल्यावर ती कामाला लागली. खोटं निस्तरायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, हातातली कला. ती भिंत तिने पुन्हा जुन्या मळकट सायीच्या रंगाने रंगवली. पलंग परत कोपऱ्यात ओढला. आपलाच व्हिडिओ थांबवून थांबवून तिने रेघेची उंची आणि रुंदी बघून घेतली, मग चहाचं पाणी, काजळी आणि खोबरेल तेल मिसळून चिंधीने ती भिंतीवर भरायला घेतली. नव्या लाकडाला जुनं करून दाखवायची युक्ती तिने कितीदा शिकवली होती. मेलेल्या बाईचा हात असा बनवायला बसू, हे कधी मनात आलं नव्हतं. मध्येच तिला स्वतःची इतकी किळस आली, की चिंधी टाकून ती न्हाणीघरात जाऊन बसली. पण नंदाचं ते 'देवासारख्या भेटलात' आठवलं, आणि ती परत उठली.

दुसऱ्या दिवशी धुळीचं वादळ आलं. दुपारीच बाहेरचं आकाश तांबूस, मग तपकिरी झालं, आणि समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. खिडकीच्या फटींतून बारीक वाळू आत येत होती. एसी बंद केल्यावर घरात अशी शांतता पसरली की काचेवर घासणारी वाळूही ऐकू यायला लागली. खोलीत मातीचा आणि तेलाचा वास कोंडला होता.

रेघ झाली होती, पण खोटी दिसत होती. चितारल्यासारखी. तिच्यावरून माणसाचा हात फिरायला हवा होता. रुचिराने उजव्या हाताला तेल चोपडलं, कोपऱ्यात पलंगापाशी उभी राहिली आणि भिंतीला तळवा टेकून दाराकडे चालायला लागली. बघत चाललं की हात ताठ राहतो, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

खोली ती केवढी, चार पावलांत दार यायला हवं होतं. ती चालत राहिली. तळव्याखाली भिंत सरकत होती, थंड आणि गुळगुळीत. दार येईना. आपण फार हळू चालतोय, असं तिने मनाला समजावलं. वाळूचा आवाज हळूहळू मागे पडला, मग अजिबात थांबला. आणि त्या शांततेत समोरून, तिच्याच भिंतीवरून, कोणीतरी हात घासत येत होतं... सर्र... सर्र... मध्ये थांबून, परत सर्र...

तिने डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमतच नव्हती. तिची बोटं दुसऱ्या बोटांना लागली. कोरडी बोटं, थंडगार. ती मागे झाली नाहीत. तशीच तिच्या बोटांना टेकून राहिली, जणू वाट अडल्यावर कोणी समजुतीने थांबावं.

"माई..." रुचिरा पुटपुटली. तिला रडू फुटलं. "माई, चुकलं माझं. मी नको ते बोलले. तुमची खूण पुसली. या तुम्ही... तुमचीच खोली आहे."

आणि भिंतीवरचा हात काढून ती बाजूला सरली. वाट दिली.

अंगावरून काहीतरी गेलं. वारा नव्हता, फक्त अंगावरचे केस उभे राहिले. सर्र... सर्र... आवाज तिच्या पाठीमागे, पलंगाच्या दिशेने गेला आणि थांबला.

डोळे उघडले तेव्हा ती दारात उभी होती. खिडकीवर वाळू पहिल्यासारखी घासत होती. खोलीत कोणी नव्हतं. भिंतीवरची रेघ मात्र आता कोणालाही खरी वाटली असती. भीती अजून गेली नव्हती, आणि तरी मनात पहिला विचार आला तो हाच, की चला, आता कळणार नाही. त्या विचाराची लाज तिला भीतीपेक्षा जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी वादळ निवळलं, आणि नंदा संध्याकाळ व्हायच्या आत आली. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. रंगाचा वास झाकायला रुचिराने घरभर उदबत्त्या लावल्या होत्या. पाणी दिलं, चहा विचारला. नंदा म्हणाली, "आधी खोली बघू?"

ती पलंगाच्या कोपऱ्यापाशी गेली. डोळे मिटून तिने बोटांची मागची बाजू रेघेवर टेकवली आणि हळूहळू दाराकडे चालायला लागली. रुचिरा उंबऱ्याशी उभी होती. नंदाचा चेहरा भरून येताना तिने पाहिला, आणि तिला राहवलं नाही.

"नंदाताई, थांबा. ही ती नाही. मी पुसली होती. तुमचा फोन यायच्या आधीच. ही... मी काढलीय."

नंदाने डोळे उघडले, पण हात काढला नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दारातून आत आल्याबरोबर ओल्या रंगाचा वास आला मला. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी रडले असते आणि फोन ठेवला असता. इतकंच झालं असतं. पण तुम्ही मला इथवर येऊ दिलंत, या खोट्या रेघेला हात लावू दिलात."

रुचिराला मान वर करता आली नाही. पाया पडावं तर तेही नाटक वाटलं असतं.

"पण त्या आल्या होत्या," ती कशीबशी म्हणाली. "काल. इथे, याच भिंतीवर. माझ्या हाताला हात लागला त्यांचा. मी माफी मागितली, म्हटलं या, तुमचीच खोली आहे. आणि बाजूला झाले."

नंदाने पर्समधून चष्मा काढून लावला आणि रेघेजवळ वाकली. कोपऱ्यापासून दारापर्यंत ती बारकाईने बघत गेली. मध्यावर थांबली.

"हे तुम्ही केलंत?"

तिथे रेघेत एक पंजा उमटला होता. पूर्ण, बोटं फाकलेली. रुचिराने तो कधी पाहिलाच नव्हता. तिने मानेनेच नाही म्हटलं.

"तुमचा हात ठेवा बरं त्यावर."

रुचिराने हात जवळ नेला. तिची बोटं त्या बोटांच्या जेमतेम मधल्या पेरापर्यंत पोचत होती.

"माई माझ्याहून लहान चणीची होती," नंदा हलक्या आवाजात म्हणाली. "आणि तिने भिंतीला तळवा कधीच लावला नाही. बोटांची मागची बाजू लावायची, आता मी लावली तशी. नखाखाली खिळा जाऊ नये म्हणून मीच शिकवलं होतं तिला." ती एक पाऊल मागे सरली. "आणि माई दाराकडे यायची. ही बोटं बघा... आतल्या बाजूला रोखलेली आहेत. हा बाहेर जाणारा हात नाही. बाहेरून आत आलेला आहे."

"मग मी वाट कोणाला..."

नंदाने पर्स उचलली, आणि खोलीकडे पाठ न करता, तशीच मागे मागे चालत उंबऱ्याबाहेर आली. चहा न घेताच गेली. जिन्यात वळून एवढंच म्हणाली, "खोली बंद ठेवा. आणि आत जे आलंय त्याच्यासमोर पुन्हा माईचं नाव घेऊ नका."

अण्णासाहेब आले तेव्हा त्यांचं अंथरूण दिवाणखान्यात घातलं. मागच्या खोलीत ओल आलीय, काम अर्धवट राहिलंय, असं रुचिराने सांगितलं. प्रसादला आश्चर्य वाटलं, पण त्याने विषय वाढवला नाही. अण्णासाहेब बिचारे म्हणाले, "अगं, मला काय, कुठेही झोप लागते." खोलीची किल्ली रुचिराच्या पर्समध्ये असते.

पण काम अर्धवट राहिलेलं नाही. रोज सकाळी त्या बंद दाराच्या फटीखाली बारीक भुकटी पडलेली असते, पॉलिश पेपरने भिंत घासल्यावर पडते तशी. घरातली माणसं उठायच्या आत रुचिरा ती झाडून घेते. कोणाला सांगणार, आणि सांगायचं तर सुरुवात कुठून करणार? आधी भुकटी सायीच्या रंगाची होती. मग काही दिवस धुरकट हिरवी येत होती. मग लांबीची, पांढरी.

आता ती सिमेंटची आहे, करडी. त्या भिंतीच्या पलीकडे रुचिरा आणि प्रसाद झोपतात, भिंतीकडे उशा करून.