मागच्या चाकांतली हवा

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सरावाच्या रांगेत कोराची जुनी नोव्हा गाडी ऐन मोक्याला बंद पडली. मागून भोंगे वाजू लागले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खिडकीशी एक तेलकट टोपी वाकली.

"ब्रेक सोड. मी ढकलतो."

"अरे, पण तुझा नंबर जाईल!"

"मागची गाडी माझीच आहे, बाई. तू हललीस तरच माझा नंबर!"

त्याचं नाव वेड. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधली ती सरळसोट धावपट्टी. शनिवारी कुणीही यावं आणि जोडीजोडीनं गाडी पळवून बघावी. पळणं डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचं, रांग मात्र संपता संपायची नाही. त्या रांगेत वेड तिच्या दाराला टेकून उभा राहू लागला. लिंबू सरबताचा एकच पेला दोघांत फिरू लागला. वर त्याची मास्तरकी होतीच.

"एका खेपेला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर फरक कशानं पडला ते देवालाही कळायचं नाही."

"बरं, मास्तर."

मग दोघं शेजारच्या पट्ट्यांत उभी राहत. सुटायच्या इशाऱ्याचे दिवे पेटण्याआधी तो तिच्याकडे बघून टोपी उचलायचा, आणि कोराच्या छातीत इंजिनाआधीच धडधड सुरू व्हायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आभाळ भरून आलं होतं. वेड नेहमीसारखा दाराला टेकला, पण त्यानं सरबत आणलं नव्हतं.

"उद्या निघतोय," तो म्हणाला. "तिकडं दक्षिणेत... शर्यतीच्या एका मोठ्या संघात काम मिळालंय."

"अभिनंदन," कोरा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

तो उगाच तिच्या मागच्या चाकाशी बसला, हवा मोजली आणि थबकला. "मे महिन्यात होती तेवढीच?"

"हो."

"काहीच बदललं नाहीस? मग उन्हाळाभर सराव कसला केलास, कोरा?"

तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. आता नाही तर कधीच नाही. "रांगेत उभं राहण्याचा," ती म्हणाली. "तू मागे असलास म्हणजे..."

वेड चाकापासून उठून खिडकीशी आला.

"वेडी आहेस," तो म्हणाला. "मी त्यांना आठवडाभर लटकवून ठेवलं होतं. म्हटलं, ही थांब म्हणेल. गेल्या शनिवारी थट्टेत विचारलं, मी इथून गेलो तर? तू नुसती हसत राहिलीस... काल शब्द देऊन बसलो."

"मोडता नाही येणार?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. टपोरे थेंब काचेवर पडले आणि कर्ण्यावरून पट्टी बंद झाल्याची आरोळी आली. शेवटची जोडीची धाव राहूनच गेली. भिजत भिजत वेडनं तिच्या मागच्या चाकांतली थोडी हवा सोडली, झाकणं घट्ट बसवली आणि तिच्या ओल्या गालाला पालथा हात लावला.

"आता पळवून बघ. हवा कमी असली की चाकं पट्टी घट्ट धरतात," तो म्हणाला आणि वळला. कोरा ढसाढसा रडली.

पुढच्या शनिवारी लख्ख ऊन होतं. दिवे पेटायच्या आधी तिनं सवयीनं शेजारी पाहिलं. पट्टी रिकामी होती. नोव्हा कधी नव्हे अशी सुसाट सुटली.

टोकाच्या खिडकीतला म्हातारा वेळेची चिठ्ठी देताना चकित झाला. "अगं पोरी! एवढा फरक कशानं पडला?"

"नाही सांगता येणार," कोरा डोळे पुसत म्हणाली. "या खेपेला दोन गोष्टी बदलल्या."