रुसणारा बॉयलर

"बॉयलर पुन्हा रुसलाय," बाबांनी दारातच जाहीर केलं.

शेर्मिनने अजून बूटही काढले नव्हते. अंकाराहून रात्रभराचा प्रवास, बाहेर एर्झुरुमची हाडं गोठवणारी थंडी, आणि बॉयलरच्या पाण्यावर घर तापवणारे रेडिएटर जेमतेम कोमट.

"मी आले की बरा रुसतो तो!"

"तुझ्यावरच गेलाय. दुरुस्तीवाल्या तुंजाय उस्ताला बोलावलंय, येईल एवढ्यात. केस जरा सारखे कर."

"बॉयलरसाठी?"

बाबा चहाकडे वळले.

तुंजाय आला तो टोपीवरचा बर्फ जिन्यातच झटकून. स्वयंपाकघरातल्या बॉयलरचा काटा पाहिला. पाण्याचा दाब उतरला होता. खालची तोटी सोडून त्याने पाणी भरलं, काटा वर चढला, आत निळी ज्योत भक्कन पेटली. काम एवढंच. चहा मात्र तासभर चालला. मध्येच बाबांना शेजाऱ्यांकडे काहीतरी महत्त्वाचं आठवलं, आणि जाताना ते दार अर्धं उघडं ठेवून गेले.

"अंकारात गेलेली माणसं चहात साखर ढवळून पितात म्हणे," तुंजाय म्हणाला.

"मी इथलीच आहे, उस्ता."

"मग दाखवा ना..."

तिने एर्झुरुमच्या रीतीने साखरेचा कडक खडा गालात धरला आणि त्यावरून चहाचा घोट घेतला. काही बोलायला गेली, तर शब्द बोबडे आले. तो हसला. तीही हसली. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. दोघंही उगाच तिकडे बघत राहिली.

"दर महिन्याला येता, तरी गळती कशी सापडत नाही तुम्हाला?"

"शोधतोय," पेल्याआडून तो म्हणाला. "अशा कामात घाई करून चालत नाही."

तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "कसा वाटतो?"

"काम चांगलं करतो."

"कामाचं कोण विचारतंय?"

ती पेले विसळायला उठली. सांगू की पुढच्या खेपेला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा झोपेतून उठले नाहीत.

पुढचे दिवस शेजारणींनी आणलेल्या पातेल्यांवर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कुजबुजीत गेले. एरवी फक्त पाहुण्यांसाठी उघडायची ती बैठकीची खोली सारखी भरलेली असायची. तुंजायही येऊन गेला, पण पुरुषांत बसून, मान खाली घालून. चाळिसाव्या दिवसाचा हलवा वाटून झाला आणि शेर्मिनने त्याला फोन केला. ती अंकाराला परत निघाली होती. बंद घरात पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून बॉयलर रिकामा करायचा होता.

हे शेवटचं काम. यानंतर त्याला बोलवायला निमित्त उरणार नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून दोघंही जरा जास्तच कामाचं बोलत होती.

बॉयलरसमोर तुंजाय थबकला.

"मधे कुणी पाणी भरलं होतं?"

"नाही. मला कुठे येतं?"

काटा त्याने ठेवला होता तिथेच होता. जराही हललेला नव्हता.

"म्हणजे... गळती आपोआप थांबली?"

"गळती नव्हतीच कधी." तो हळू आवाजात बोलला. "तुम्ही यायच्या दिवशी काका बैठकीच्या खोलीतल्या रेडिएटरची चावी सैल करायचे. तिथे एरवी कोण बघणार? पातेलंभर पाणी काढलं की दाब उतरायचा. आत साचून काळं झालेलं ते पाणी तुमच्या जिरेनियमच्या कुंडीत घालायचे बिचारे."

शेर्मिन स्टुलावर बसली. हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच खेपेला. कुंडीतली माती शाईसारखी झाली होती."

"आणि तुम्ही गप्प बसलात!"

"म्हातारा माणूस वाकून एवढी मेहनत करतोय, त्याचा हिरमोड कसा करायचा? शिवाय..."

"शिवाय काय?"

"बिघाड माझ्याही सोयीचा होता." तो कानापर्यंत लाल झाला होता. त्याने खाली बादली लावली आणि तोटीवर हात ठेवला. "सोडू पाणी?"

बाहेर छपरावरून बर्फाचा थर धप्पकन घसरला. शेर्मिन उठली.

"नको. मंद आचेवर ठेवा. मी येत राहीन."

"रिकाम्या घरी? कशाला?"

ती बोलली, मोठ्याने, बैठकीच्या उघड्या दारापलीकडे बाबा असते तर त्यांनाही ऐकू जाईल असं—

"बाबांना भेटायला येते, असं मी सगळ्यांना सांगायचे. बाबांनाही. ते खरंच होतं... पण अर्धंच. उरलेली अर्धी मी तुमच्यासाठी यायचे, तुंजाय."