मंजुरीच्या यादीतली शर्मिष्ठा

जेवण आटोपलं की जानकीबाई चष्मा पुसून कॉम्प्युटरपुढे बसत. बहात्तराव्या वर्षी, कुणाच्या विनवण्या न करता, बोटं आपटत आपटत त्या हे शिकल्या होत्या. नाहूरच्या सातव्या मजल्यावरून मालवणी जेवणावर ब्लॉग लिहीत, आणि त्यावर साचलेल्या जाहिरातींच्या कमेंटी रोज दुपारी तांदळातल्या खड्यांसारख्या वेचून फेकत. दयामाया नाही.

एकावर मात्र त्यांचा दात होता. त्रिकाल गुरुजी. 'ताई, काय सुंदर लिहिता! सोडून गेलेलं माणूस तीन दिवसांत घरी परत. वाकोल्याला भेटा किंवा फोन करा.' तीन वर्षांपूर्वी ही कमेंट त्यांच्या तिरफळांवरच्या लेखाखाली राहून गेली, आणि त्यांच्या मैत्रिणीने, मालाडच्या शर्मिष्ठाने ती वाचली. तिचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. तिने फोन केला. गुरुजीने पाठवलेली काळी पूड अकरा दिवस चहातून घेतली. बाराव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं. खोलीत जळक्या केसांचा वास कोंडला होता. मुलगा आला तो अग्नी द्यायला.

आज गुरुजीची तीच कमेंट पुन्हा आली होती. "मेल्या, तुजो मुडदो बशिवलो!" म्हणत जानकीबाईंनी बोट उचललं, आणि ते तसंच राहिलं. तिच्याखाली कुणीतरी उत्तर दिलं होतं, मंजुरीसाठी थांबलेलं. नाव : शर्मिष्ठा.

'वाकोल्याला उतरले.'

कोण थट्टा करतंय? पण बोट 'मंजूर'वर गेलं. लगेच दुसरी कमेंट. 'त्याचा जिना चढतेय.' मंजूर.

मग गुरुजी. या खेपेला जाहिरात नव्हती. 'ताई, ही बाई कोण? तुम्ही मंजूर केलं की इथे पावलं वाजतात...'

'दाराशी आहे गं.'

'ताई, पाया पडतो, तिच्या कमेंटी काढून टाका... केस जळल्यासारखा वास येतोय...'

दोन बटणं, 'मंजूर' आणि 'काढून टाका'. एक दाबलं असतं तर माणूस वाचला असता. जानकीबाईंनी सावकाश टाइप केलं, 'गेलेलं माणूस घरी परत, असं तूच म्हणालास ना रे? जरा उशीर झाला, एवढंच.' आणि शर्मिष्ठाची 'दाराशी आहे गं' मंजूर केली.

त्यानंतर गुरुजी काही लिहीना.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना चहाची चव घ्यावीशी वाटली. कप घेऊन त्या परत बसल्या, तर यादीत एकच कमेंट होती.

'झालं त्याचं. आता सांग जानकी, तेव्हा त्याची कमेंट मंजूर कुणी केली?'

त्यांनी चहाचा एक मोठा घोट घेतला. राहून गेली, असंच त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. स्वतःलाही. "त्याने... कौतुक केलं होतं गं," त्या पडद्याकडे बघत पुटपुटल्या. "माझ्या लिखाणाला सुंदर म्हणणारा तो पहिलाच..."

'नाहूरला उतरले.'

त्यांनी घाईघाईने ती कमेंट काढून टाकली. ती परत आली. या वेळी तिच्यापुढे आधीच 'मंजूर' लिहिलेलं होतं, मंजूर करणारीचं नाव जानकी, आणि त्यांचे दोन्ही हात तर कपाभोवती होते.

बाहेर लिफ्ट थांबली. सातव्यावरच.

त्यांनी कपात पाहिलं. चहा केव्हाच संपला होता. तळाशी काळी पूड बसली होती.